कोलकात्यात सापडलेला फॉसिल्स, आणि मराठीत इतकं कडू कोण गातं?

साळुंकी

नोकरीनिमित्त सध्या कोलकात्यात, जादवपूरला राहते. ८बी बस स्टँडजवळच्या एका गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. विद्यापीठाच्या पोरांची तिथे कायम रांग. मशीनच्या घरघरीवर मात करायला दुकानातला मुलगा स्पीकर मोठ्याने लावून ठेवतो. भाडेकराराच्या प्रती काढायला गेले होते, तेव्हा एक गाणं चालू होतं. जड गिटार, दणकट ड्रम्स, आणि गाणारा माणूस धड रडत नव्हता, धड ओरडत नव्हता. स्वतःचीच उलटतपासणी घेतल्यासारखा गात होता.

"कोण हे?" विचारलं तर तो म्हणाला, "फॉसिल्स, दीदी. रूपम-दा." म्हणजे इथला रॉक बँड आणि त्याचा गायक रूपम इस्लाम. मला बंगाली निम्मंच कळतं हे त्याच्या लक्षात आलं. एक बिघडलेली प्रत उलटी करून त्याने कोऱ्या बाजूवर ध्रुवपद बंगालीत लिहिलं, प्रत्येक ओळीखाली मोडक्या हिंदीत अर्थ लिहिला आणि एका शब्दाखाली दोनदा रेघ मारली. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. उलट एका मुलीने त्याचा अर्थ दुरुस्त केला आणि त्यांचा वाद सुरू झाला.

गाण्यात एक माणूस आपल्या एकट्या खोलीलाच आपला देश म्हणतो. त्यानंतर त्यांची बाकीची गाणी शोधून ऐकली. स्वतःतल्या विषाबद्दल, संशयाबद्दल, झोप न येण्याबद्दल, दुसऱ्याला दुखावून वर स्वतःच दुखावलं गेल्याचा आव आणण्याबद्दल. कुठेही 'सगळं ठीक होईल' नाही. आणि तरी ऐकून झाल्यावर मला हलकं वाटलं. गेलं वर्ष फार चांगलं गेलं नव्हतं, त्याचाही त्यात भाग असेल.

बँड १९९८ चा, पहिला अल्बम २००२ चा. म्हणजे इथल्यांसाठी हा शोध वगैरे काही नाही. ऑफिसातल्या चाळिशीच्या लोकांचं कॉलेज याच गाण्यांवर गेलंय. मला मात्र पुण्यात वीस-बावीस वर्षं गाणी ऐकूनही हे नाव ठाऊक नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठीत असं, स्वतःला न सोडणारं, बँडच्या आवाजात कोण गातं? आणि कडू गाणं ऐकून बरं वाटतं, हा तुमचाही अनुभव आहे का?

घाटावरचा

आधी त्या झेरॉक्सवाल्याला नमस्कार सांगा. रांग थांबवून गाण्याचा अर्थ समजावणारा दुकानदार आमच्या गावात मिळाला तर मी रोज आधार कार्डाच्या प्रती काढीन.

रात्रपाळी

वा, जुनी जखम उघडलीत. मी २००६ ते २०११ कोलकात्यातच, सॉल्ट लेकला होतो.

बांगला बँड ही गोष्ट फॉसिल्सपासून सुरू होत नाही. मूळ महीनेर घोडागुली. १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्र-भावांनी सुरू केलेला गट. गौतम नक्षलवादी चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आलेले. बँडचं नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलंय, कार्तिकाच्या चांदण्यात गवत खाणारे महीनचे घोडे. हिंदी सिनेमाची गाणी आणि रवींद्रसंगीत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ही मंडळी गिटार आणि बाउल गाणं घेऊन उभी राहिली. १९७७ ला पहिली रेकॉर्ड आली. फारशी कुणी घेतली नाही आणि काही वर्षांत गट पांगला. मग १९९५ मध्ये गौतमदांनी नव्या पोरांना घेऊन संकलन काढलं आणि तेव्हाच्या कॉलेजच्या पिढीने ते डोक्यावर घेतलं. २००६ च्या 'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' आठवतंय ना? ती चाल त्यांची. गायला ढाक्याचा जेम्स.

मधल्या काळात १९९२ ला सुमन चट्टोपाध्यायांचा (आताचे कबीर सुमन) पहिला अल्बम आला आणि एकटा माणूस गिटार घेऊन शहराबद्दल, स्वतःबद्दल बोलू शकतो हे लोकांना पटलं. चंद्रबिंदू, कॅक्टस, भूमी हे सगळे बँड त्या आगेमागे. फॉसिल्सने त्यात काय केलं? इतरांत खेळकरपणा होता, लोकगीत होतं, आठवणी होत्या. रूपम इस्लामने सगळा कॅमेरा आत वळवला. सोबतीला संगीत जड रॉकचं. दीप घोष आणि ॲलन आओ यांच्या दोन गिटारी. त्या काळी घरातल्या मोठ्यांना हे अजिबात आवडायचं नाही. पुढे २००९ च्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार रूपमला मिळाला आणि माझ्या घरमालकांचा सूर एका दिवसात बदलला. "आमि तो बोलेछिलाम, छेलेटा भालो गाय." मी तर सांगितलंच होतं म्हणे, पोरगा गातो छान!

बाराखडी

थोडं विरुद्ध बोलते, राग नसावा.

अशा गाण्यांचा मला कंटाळा येतो. काळे टीशर्ट, केस चेहऱ्यावर, आणि 'मला कुणी समजून घेत नाही'. विशीत ठीक आहे. पण पस्तिशीतही माणूस तिथेच उभा असेल तर ती खोल दृष्टी नाही, अडकणं आहे. ज्याला खरंच दुःख आहे तो सकाळी उठून डबा भरतो. आमच्या आईने आयुष्यात काय कमी पाहिलं? ती दळताना-कांडताना ओव्या म्हणायची. तिला अँप्लिफायर लागला नाही.

आणि 'हलकं वाटतं' याबद्दलही मला शंका आहे. खरूज खाजवल्यावरही बरं वाटतंच की, तेवढ्यापुरतं.

वऱ्हाडी_ठेचा

बाराखडीताई, ओव्यांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. माझी आजी दर्यापूरकडची. तिच्या ओव्यांत सासूबद्दल जे काही होतं ना, ते आज कुणी स्टेजवर म्हटलं तर पोलीस बोलवावे लागतील. जात्यावर बसलेल्या बाईइतकं कडू आणि खरं महाराष्ट्रात दुसरं कुणी गायलं नसेल. फक्त ते पहाटे, घरातले झोपलेले असताना. अँप्लिफायर लागला नाही हे खरं, पण तिला तो दिला असता तर तिने नको म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

बाकी कडू म्हटलं की आमच्याकडे कारलं, तेही चिंचगूळ घालून. मराठी गाण्याचंही तसंच झालंय. दुःख चालतं, पण गोडी करून.

साळुंकी

बाराखडी, राग कसला. खरूज हा शब्द मात्र झोंबला, म्हणून नीट उत्तर देते.

सकाळी उठून डबा मीही भरते. दिवसभरात पंचवीस माणसांशी हसून बोलते. त्या सगळ्यात एक जागा अशी हवी असते जिथे कुणी मला हसायला लावत नाही. भावगीत ऐकताना मला कायम वाटतं की गाणारा माझं सांत्वन करतोय, म्हणजे त्याला स्वतःला ते दुःख आता नाही. इथे गाणारा माझ्याच पायरीवर बसलेला आहे. तो काही देत नाही आणि काही मागतही नाही. मला तेवढंच पुरतं.

रात्रपाळी, फार सुंदर माहिती. गौतम चट्टोपाध्यायांचं आमच्या ऑफिसात आजही असं नाव घेतात जणू परवा भेटले होते. १९९९ ला गेले ते.

खजूर_आणि_खारीक

आमच्या दोह्याच्या साईटवर बांगलादेशी कामगार भरपूर. कॅम्पमध्ये शुक्रवारी सुट्टी, कपडे धुण्याचा दिवस. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून आयुब बच्चूचं गाणं यायचं. एलआरबी हा त्यांचा बँड. सुरुवातीला त्याचा अर्थ लिटल रिव्हर बँड होता, पुढे त्याच अक्षरांचं लव्ह रन्स ब्लाइंड केलं. चितगावचा माणूस, गिटारवर हुकूमत, आवाज घोगरा, गाणी बहुतेक हरलेल्या माणसाची.

१८ ऑक्टोबर २०१८ ला तो गेला. आमचा फोरमन चितगावचाच. एरवी शिव्यांशिवाय बोलायचा नाही. त्या दिवशी हेल्मेट मांडीवर घेऊन सळयांच्या ढिगावर बसून राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "साहेब, मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा माझ्याबरोबर हाच आला होता." दुपारी सगळ्यांनी मिळून एका मोबाईलवर गाणी लावली आणि कामही चालू ठेवलं. कुणी कुणाचं सांत्वन केलं नाही.

बाराखडीताई, ती सगळी माणसं सकाळी चार वाजता उठून डबा भरणारीच होती.

घाटावरचा

खारीकराव, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

गिरगावचा_गिटारी

माझं वय आता बासष्ट. तेव्हा थोडं मुंबईबद्दल.

धोबीतलावला रंगभवन होतं, उघडं नाट्यगृह. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायला लागलं, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे, म्हणजे पावसात. दगडी पायऱ्यांवर भिजत उभे राहायचो. रॉक मशीन तिथलेच, १९९३ ला त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. पण तेव्हाची एक गोष्ट आज कुणी बोलत नाही. बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओरडा व्हायचा, परदेशी बँडचं अमुक वाजवा, तमुक वाजवा. स्वतःचं गाणं म्हणजे लघुशंकेला जायची वेळ! तरीही जे स्वतःचं वाजवत राहिले त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. आणि ते स्वतःचं गाणंही इंग्रजीत. त्या पायऱ्यांवर निम्मी पोरं परळ-गिरगाव-डोंबिवलीची, आपसात मराठीत शिव्या देणारी. पण मराठीत गावं हे स्टेजवरच्या किंवा खालच्या कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. मराठी ही आईशी आणि पोस्टमनशी बोलायची भाषा होती. रॉक म्हणजे तिच्यापासून सुटका.

कोलकात्यात वेगळं घडलं कारण तिथल्या पोराला बंगाली ही सुटका करून घ्यायची गोष्ट वाटत नव्हती. कविता करणं हे तिथे कॉलेजच्या वयात मिशी फुटण्याइतकं स्वाभाविक. माझा तरी असा समज आहे.

शेवटी रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं. रुग्णालयं लागूनच आहेत, त्यामुळे नियम चूक म्हणता येत नाही. पण शंभर-दोनशे रुपयांत नवा बँड ऐकायची जागा गेली ती गेली. आता जिथे बँड वाजतात तिथे आधी तीनशे रुपयांचं पेय घ्यावं लागतं. अशा ठिकाणी मराठीतून स्वतःची लाज गाणारा पोरगा उभा राहील कसा?

बाराखडी

काका, शेवटचा मुद्दा पटला. आणि खारीक यांचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. माझा आक्षेप गाण्यांपेक्षा त्याभोवतीच्या देखाव्यावर जास्त आहे असं म्हणते. तो मात्र मी मागे घेणार नाही.

निर्मळ

मी इथे सहसा फक्त वाचते. पण हा विषय घरातला आहे.

माझा मुलगा सतराचा. गेले काही महिने खोलीचं दार लावून अशीच गाणी ऐकतो. इंग्रजी, हिंदी, काही कोरियनसुद्धा. शब्द मी शोधून वाचले आणि पोटात गोळा आला. 'मी कुणालाच नकोय' अशा अर्थाचं बरंच काही. विचारलं तर म्हणतो, आई, गाणं आहे फक्त. त्याचे बाबा म्हणतात हेडफोन काढून घे. साळुंकी, तुम्हाला हलकं वाटतं म्हणता. त्याला काय वाटत असेल?

स्टेथोस्कोप

निर्मळताई, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. जनरल प्रॅक्टिस करतो, पण या वयाची मुलं रोज पाहतो. त्यामुळे हे प्राथमिक समजा.

फक्त गाण्यांवरून निदान करू नका. उदास गाणी ऐकणारी बहुसंख्य मुलं ठीक असतात. कित्येकांना त्यातून आपल्या मनातल्या गोष्टीला शब्द मिळतात. बघायचं ते बाकीचं. झोप बदलली का? जेवण? आधी आवडणाऱ्या गोष्टी, क्रिकेट म्हणा, मित्र म्हणा, एकदम सोडून दिल्या का? अभ्यासात अचानक घसरण, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असं बोलणं, अंगावर जखमा. यातलं काही दिसलं तर थांबू नका, तज्ज्ञांकडे जा. आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उलट विचारल्यावर पुष्कळ मुलं सुटल्यासारखी बोलतात.

टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पालकही फोन करू शकतात.

हेडफोन मात्र काढून घेऊ नका. बोलायला उरलेलं एक दार त्यामुळे बंद होईल. त्यापेक्षा त्याला म्हणा, एक गाणं मला ऐकव.

जास्वंद

डॉक्टरांना दुजोरा. मी पंधरा-सोळाची असताना माझ्या मामाने हेच केलं होतं, शेजारी बसून पूर्ण कॅसेट ऐकली. त्याला अजिबात आवडली नाही आणि तसं त्याने सांगितलंही. तरी माझं त्याच्याशी बोलणं सुरू झालं.

आता या प्रकारच्या गाण्यांबद्दल एक गंभीर तक्रार. कडवट रॉकमधला 'मी' जवळजवळ नेहमी पुरुष असतो आणि त्याच्या सगळ्या कडवटपणाचं खापर एका 'ती'वर फुटतं. ती सोडून गेली, तिने फसवलं, तिच्यात विष. जगभरचा हा रोग आहे, कोणताही एक बँड नव्हे. आत्मपरीक्षण म्हणायचं आणि परीक्षा मात्र दुसरीचीच घ्यायची! साळुंकी, फॉसिल्सच्या गाण्यांतली 'ती' कशी आहे? खरं सांगा.

साळुंकी

खरं सांगते. काही गाण्यांत मला ती खटकली. तिथे राग सरळ तिच्यावर आहे आणि ती गाणी मी पुढे ढकलते. पण मला धरून ठेवणारी गाणी ती नव्हेत. ज्यात गाणारा स्वतःलाच विषारी म्हणतो, आपल्याच डोक्याची भीती वाटते म्हणतो, ती आहेत. तुमची कसोटी मी आता सगळ्यांनाच लावणार आहे. गाणारा स्वतः कटघऱ्यात उभा आहे की साक्षीदाराला झोडपतोय? एवढ्यावरून गाणं खरं की खोटं ते कळतं.

निर्मळताई, सतराव्या वर्षी मी काय ऐकत होते ते आईला कधीच कळलं नाही. तुम्ही शब्द शोधून वाचलेत हेच केवढं आहे.

मंद्रसप्तक

धागा मूळ प्रश्नापासून बराच फिरला, पण फिरला ते छान झालं. मी चाली बांधतो, हौशी नाटकांसाठी. थोडं कारागिरीच्या अंगाने लिहितो.

मराठीत रॉक जमत नाही असं सरसकट म्हणतात ते मला मान्य नाही. मात्र दोन अडचणी खऱ्या आहेत.

एक, क्रियापद. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. 'मी गेलो' आणि 'मी गेले' याला एकच रूप. त्यामुळे गाण्यातला 'मी' कुणीही उचलून स्वतःचा करू शकतो. स्टेजवर पुरुष गात असतो आणि खाली उभी असलेली मुलगी शब्द न बदलता तेच ओरडून गाऊ शकते. आपल्याकडे पहिल्या ओळीतच गाणं पुरुषाचं की बाईचं हे ठरून जातं. जास्वंद यांच्या तक्रारीशी याचा संबंध आहे असं मला वाटतं.

दोन, ओळीचा शेवट. आपली ओळ 'आहे', 'होते', 'नाही'वर संपते. रॉकमध्ये शेवटच्या ठोक्यावर वजन हवं. तिथे 'आहे' आलं की सगळा जोर विरघळतो. म्हणून वाक्य उलटं करावं लागतं किंवा बोलीतलं 'आहे'चं आखूड रूप घ्यावं लागतं, 'केलंय', 'ठेवलंय' असं. बोलीभाषा घेतली की अडचण निम्मी संपते. पण आपल्या गीतकाराला मराठी गाणं म्हटलं की प्रमाण भाषेचा कडक कॉलर घालावासा वाटतो.

तिसरं कारण भाषेचं नाही. मराठीतली कडवट माणसं कवितेत आहेत. मर्ढेकर, ढसाळ, कोलटकर. कोलटकर तर अर्जुन शेजवाळांकडे पखवाज शिकलेले, आणि त्यांनी गाणीही लिहिली. पण इंग्रजीत! त्या गाण्यांना मराठी सूर मिळाला असता तर आज साळुंकींना हा प्रश्न पडला नसता.

वऱ्हाडी_ठेचा

आणि त्यांच्याही आधी तुकोबा. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पिडलं तेही बरं झालं, असं देवाला तोंडावर सांगणारा माणूस. अभंग रीपोस्ट नावाचा मुंबईचा बँड अभंगांना गिटार-बास-ड्रम्सवर घेतो. कार्यक्रम जोरदार होतो, पोरं नाचतात. पण मला त्यांच्याकडून किंवा कुणाकडूनही तो देहूचा, भंडाऱ्यावर एकटा बसलेला, चिडलेला तुकाराम एकदा ऐकायचाय. टाळ्यांशिवाय.

चेंबूर_नाका

तुम्ही सगळे गिटार शोधताय म्हणून सापडत नाहीये. मराठीतला राग रॅपमध्ये गेलाय. स्वदेशी हा मुंबईचा रॅप गट ऐका. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावर वारली लोकांना घेऊन केलेलं त्यांचं गाणं आहे, आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः त्यात गायलेत. आणि त्याआधीपासून संभाजी भगत आहेतच, एका डफावर सगळी सभा हलवणारे.

साळुंकी

स्वदेशी काल रात्री ऐकलं, तीन वेळा. अंगावर आलं. पण चेंबूर_नाका, तो राग बाहेरच्या अन्यायावर आहे आणि तो असायलाच हवा. मी विचारतेय ते जरा वेगळं. रात्री दोन वाजता ज्याला स्वतःचाच राग आलाय तो मराठीत काय गातो?

निर्मळ

कळवायचं होतं. काल त्याला म्हटलं, एक गाणं ऐकव. आधी नाही म्हणाला. मग रात्री साडेअकराला स्वतःच स्वयंपाकघरात आला, एक इयरफोन मला दिला. गाणं संपल्यावर मी विचारलं, यातलं तुला काय आवडतं? म्हणाला, "यात तो खोटं बोलत नाही." मग शाळेतलं काहीबाही सांगत बसला, एक मित्र तुटलाय त्याबद्दल. डॉक्टरांनी सांगितलेला सरळ प्रश्नही विचारला. तसे विचार नाहीत म्हणाला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला. तरी समुपदेशकाची वेळ घेतली आहे. तोही यायला तयार आहे.

स्टेथोस्कोप

उत्तम केलंत. वेळ रद्द करू नका, तो नंतर 'आता ठीक आहे' म्हणाला तरी.

तळघर

नमस्कार, नवीन सदस्य आहे. ताईने हा धागा पाठवला म्हणून खातं काढलं.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं कोथरूडला एकाच्या घराच्या तळमजल्यावर वाजवतो. बँडला नाव नाही, वाद मिटत नाही. कॉलेजच्या कार्यक्रमात हिंदी कव्हर वाजवतो. मराठीतली तीन गाणी आमची आहेत, ती अजून घराबाहेर वाजवलेली नाहीत. साळुंकीताईंचा रात्री दोनचा प्रश्न वाचून एक कडवं टाकायची हिंमत करतोय. खरं मत हवंय.

आरशाला सांगून ठेवलंय, ओळख दाखवू नकोस
मी परत येईन उशिरा, दिवा लावू नकोस
जे मला चांगला म्हणतात, त्यांचे नंबर पुसलेत
माझ्या घराचे पत्ते मीच चुकीचे लिहिलेत

घाटावरचा

चौथी ओळ! आई गं.

मंद्रसप्तक

तळघर, बसा. तुमच्याशी बोलायचंय.

'ठेवलंय', 'पुसलेत', 'लिहिलेत' हे शेवट ठोक्यावर घट्ट बसतात. ठरवून केलंत की कानाने आलं? आणि 'येईन', 'सांगून ठेवलंय' यामुळे गाणारा पुरुष की बाई हे कळतच नाही. फक्त तिसऱ्या ओळीतल्या 'चांगला'ने ते फुटतं. तिथे 'जे माझं कौतुक करतात' करून बघा. मात्रा थोड्या वाढतील, पण ती ओळ बोलल्यासारखी, घाईत म्हटली तर जास्तच चांगली लागेल. मग चौथी सावकाश.

दुसऱ्या ओळीतला दिवा मात्र ओळखीचा आहे. मराठी कवितेत फार दिवे आहेत. तुमच्या घरातली एखादी खरी वस्तू आणा तिथे.

बाराखडी

मी इतका वेळ या गाण्यांच्या विरोधात बोलतेय, म्हणून माझं मत उपयोगी पडेल. चौथी ओळ मला माझ्या धाकट्या भावाची वाटली. तो पाच वर्षं आमच्यापासून असाच लपला होता. या कडव्यात देखावा नाही. दिव्याबद्दल मंद्रसप्तक बरोबर आहेत.

जास्वंद

'ती' नाही, खापर फोडणं नाही. कटघऱ्यात स्वतः उभा आहे. माझ्याकडून पास.

तळघर

खूप खूप आभार. कानाने आलं, दादा. क्रियापदाचं मला माहीतच नव्हतं. आत्ता ड्रमरला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आमच्यातली बास वाजवणारी मुलगी म्हणते की 'चांगला'मुळेच तिला हे गाणं स्वतः गाता येत नव्हतं आणि ते तिने आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं, खरं आहे.

दिव्याच्या जागी 'दाराची साखळी काढू नकोस' कसं वाटतं? आमच्या घरी बाबा मी येईपर्यंत साखळी लावत नाहीत, आणि मी आलोय हे त्यांना कळू नये असं मला वाटत असतं.

मंद्रसप्तक

मग उलटं हवं. 'मी परत येईन उशिरा, साखळी काढून ठेवू नकोस.' दिव्याची ओळ आरशाला उद्देशून होती. ही वडिलांना उद्देशून होईल आणि गाणं तिथे एकदम घरात शिरेल. गाऊन बघा.

गिरगावचा_गिटारी

मी डेक्कनने येतो. सांगा कधी.

साळुंकी

मी दिवाळीत पुण्यात आहे. तळघर, तिन्ही गाणी ऐकायला कुठे यायचं? आणि एक रेकॉर्डिंग, अगदी मोबाईलवरचं असलं तरी, मला आधी पाठवा. आमच्या झेरॉक्सवाल्याला ऐकवायचंय. अर्थ मी लिहून देईन.

तळघर

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाच ते सात. सातनंतर वर आजोबांच्या बातम्या असतात, तेव्हा ड्रम्स बंद. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. खुर्च्या सहाच आहेत, बाकीच्यांनी सतरंजीवर बसायची तयारी ठेवावी. बास आता ती मुलगी वाजवणार नाही, ती गाणार आहे. बास वाजवणारं कुणी ओळखीत असेल तर कृपया कळवा.

वऱ्हाडी_ठेचा

माझा भाचा वाजवतो, वारज्यात राहतो. निरोप टाकलाय.